रात्री साडेअकराला कुठला दस्तावेज होतो?

दांडिया बाजार, बडोदे
भाद्रपद वद्य सप्तमी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

एकाच शहरात, दांडिया बाजारातून भायलीला कोणी पत्र पाठवतं का, म्हणून हसशील. पण फोनवर माझं तिसरं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं "आई, दुसरा फोन येतोय, ठेवते" सुरू होतं. म्हणून चिठ्ठी डब्याच्या पिशवीत घातली आहे. आधी अळूवड्या खा, मग वाच.

परवा आजीच्या तिथीला पानावर बसताना तू फोन पालथा ठेवलास, ते मी पाहिलं. बरं वाटलं. पण तो मेला थरथरत फरशीवरून सरकत गेला आणि खिरीच्या वाटीला टेकला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा तू उष्ट्या हातानेच उठलीस. "हां बेन, बोलो ने" एवढं गॅलरीतून ऐकू आलं. पार्किंग कव्हर्ड आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते तर ब्रोशरवर छापलेलं असतं गं! आणि दिवस कुठले, तर श्राद्धाचे. या पंधरवड्यात इथली माणसं सहसा घराचं बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करत नाहीत, टोकनसुद्धा नवरात्रावर ढकलतात, हे तूच मला सांगतेस. म्हणजे तुझ्या घरांच्या दलालीतले हे मंदीचे दिवस, आणि त्यातही तुला खीर थंड खावी लागली.

मी बोलायची नाही खरं तर. हेच पंधरा दिवस माझे लगीनघाईचे असायचे. घटस्थापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत पोरी चणियाचोळीचं कापड घेऊन दारात उभ्या, "मासी, खाली एकज ब्लाऊज," फक्त एकच म्हणून. मी नाही म्हणायची नाही. एका वर्षी पहाटे तीनला डुलकी लागली आणि मशीनची सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. ते नख अजून वाकडं उगवतं, तू लहानपणी त्याच्याशी खेळायचीस. गंमत म्हणजे तो ब्लाऊज त्या मुलीने परत केला, अस्तरावर रक्ताचा ठिपका होता म्हणून. तिचंही बरोबरच होतं. पुढच्या वर्षी मी दाराला पाटी लावली, घटस्थापनेच्या दहा दिवस आधी कापड घेणं बंद. दोघी-तिघी कायमच्या गेल्या. बाकीच्या कुरकुरल्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीतच कापड देऊन गेल्या.

पण मी जागायची तेव्हा सकाळी निदान चार ब्लाऊज हँगरला असायचे. तुझ्या धंद्यात रात्री साडेअकराला काय होतं, सांग बघू. दस्तावेज नोंदणारं सबरजिस्ट्रारचं ऑफिस बंद, बँक बंद, साइटवर दिवा नाही. कोणी "आत्ता रोख टोकन आणून देतो" म्हणाला तरी जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही, असा आयकराचा कायदा आहे ना? रात्री व्यवहार बोटभरही पुढे सरकत नाही. फक्त गिऱ्हाइकांच्या उशाखालची काळजी तुझ्या उशाखाली येते.

तुझी भीती मला कळते. मागच्या वर्षी त्या कुटुंबाला तू तीन महिने गोत्री, सेवासी, वासणा फिरवलंस, आणि एका रविवारी तू फोन उचलला नाहीस तेव्हा ते परस्पर बिल्डरकडे जाऊन बुकिंग करून आले. दलाली बुडाली. तेव्हापासून तू न्हाणीघरातही फोन नेतेस. पण मनू, तो सौदा एका न उचललेल्या फोनामुळे गेला का? तुझं गिऱ्हाईक म्हणून त्यांचं नाव साइट ऑफिसात आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि दलाली किती, कोण देणार, हेही कागदावर नव्हतं. सगळं तोंडी. फोन उचलला असतास तरी पुढच्या रविवारी ते गेलेच असते. मी कापड हातात घेतलं की चिठ्ठीवर नाव, तारीख, मजुरी आणि आगाऊ किती मिळाले ते लिहून टाचणीने कापडालाच टोचायची. मग भांडायला काही उरत नसे. साइट दाखवण्याआधी तू असा दोन ओळींचा कागद करून घे. एरवी रेराचं, त्या घरबांधणीच्या कायद्याचं, बोट धरून चालतेसच की. २०१६ च्या कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची केली, हिशेबाच्या वह्या ठेवायला लावल्या, आणि तुझा तो नंबर आल्यावर तू पेढे वाटले होतेस. नोंदलेल्या दलालाने बिननोंदणीच्या दलालासारखं धावायचं कशाला?

तुझ्या न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या दुपारच्या दोनला इथे साडेअकरा होतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण इथे रात्री नऊ असतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा असतात. आठवड्यातल्या दोन रात्री, नऊ ते दहा, त्यांच्यासाठी बांधून दे. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा वेळ दहाची कर. ज्यांना खरंच घर घ्यायचंय ते त्या वेळेला हजर असतात, बघ.

आणि एक गोष्ट विनंती म्हणून लिहीत नाहीये. दिवेलागणीनंतर अर्धवट इमारतीत अनोळखी माणसाला एकटीने फ्लॅट दाखवायचा नाही. लिफ्ट चालू नाही, सातवा मजला, वॉचमन खाली चहाला गेलेला, हे तूच हसत हसत सांगितलंस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. ओळखपत्राचा फोटो आधी मागायचा, वॉचमनच्या वहीत दोघांची नावं लिहायची, नाहीतर उद्या दिवसा या म्हणायचं. सौदा गेला तर जाऊ दे.

रविवारी सुट्टी घे असं मी म्हणणार नाही. साइट बघायला लोक रविवारीच निघतात, आणि रविवारीच जेवायला ये म्हणून हट्ट धरणारी मीच, तेव्हा निम्मी चूक माझी. बुधवार घे. सगळ्यांना सांगून टाक, बुधवारी फोन बंद. दिवाळीनंतर इथला अर्धा बाजार लाभपाचमेपर्यंत शटर पाडून बसतो, त्यांचं कुठे काय बुडतं? मागच्या भाऊबीजेला ओवाळून घेताना दादा पाटावर थांबला होता आणि तू जिन्यात कुणाला तरी कार्पेट एरिया समजावत होतीस.

तर या बुधवारी संध्याकाळी ये. सुरसागर तलावाला एक फेरी मारू. आणि नवरात्राच्या ब्लाऊजचं माप पुन्हा घ्यायचंय. मागच्या वेळी माप घेताना फोन खांद्याने कानाशी दाबून उभी होतीस, म्हणून डावी बाही आखूड झाली.

तुझी,
आई