दारात बूट काढलेत, त्याबद्दल

सर्व्हेअर साहेब,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं तीन भेटींत कळलंय. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं, माळा जळालेलं घर म्हटलं की तुम्हाला आठवेल.

विम्याच्या क्लेमचे पैसे मागच्या आठवड्यात जमा झाले. त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र मी बुटांसाठी लिहितेय.

आग लागल्यानंतर आमच्या घरात जो आला तो पायातलं न काढताच आला. साहजिक होतं, दार जळालेलं, फरशीवर काचा आणि राखेचा चिखल. तुमच्या आधीचे सर्व्हेअर तर अण्णांच्या वह्या बुटाच्या टोकानं उलटत होते. दहा मिनिटांत उरकलं आणि कागदावर लिहिलं, ‘जुनी रद्दी’. आमचा एजंट दरवर्षी हप्त्याच्या वेळी न चुकता पोहे खायला यायचा; त्याचा फोन त्या दिवसापासून लागला नाही. असो, पोहे वाचले.

तुम्ही दगडी उंबऱ्यापाशी थांबलात आणि खाली बसून नाड्या सोडायला लागलात. मी म्हटलं, “साहेब, राहू द्या, काचा आहेत.” तर म्हणालात, “असू दे, घर आहे,” आणि मोज्यांवर आत आलात.

अण्णा तोवर कुणाशी धड बोलत नव्हते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा हा माणूस ढसाढसा रडला होता. स्वतःचा माळा गेला तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही. तुमच्या पायांकडे बघितलं आणि उठून तांब्या भरून आणला. “बसा की साहेब,” म्हणाले. मग जे सुटले!

एसटीत कंडक्टर असताना सीटखाली पडलेल्या रिकाम्या काडेपेट्या उचलून आणायचे. लेबल कोमट पाण्यात सुटं करायचं, खळीनं वहीत चिकटवायचं, खाली निळ्या शाईनं गाडी आणि तारीख: ‘राधानगरी मुक्कामी, १२ जून १९८३’. घोडा छाप, चावी छाप, शिवकाशीची शेकडो. जुन्या बाजारातून मिळवलेली स्वीडनची आणि जपानची, आपल्याकडे विकायला देवादिकांची चित्रं छापलेली. अशा अकरा वह्या. काडेपेट्या जमवणाऱ्याच्या घराला आग लागावी, यावर गल्लीत विनोद झाले, ते आम्हीही ऐकले. पण त्याच गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी बंब आत येईपर्यंत बादल्यांनी पाणी मारलं, हेही लिहायलाच हवं.

तुम्ही विचारलंत, “फोटो आहेत का?” आम्ही नाही म्हणणार होतो. तेव्हा आईला २०१९ चा महापूर आठवला. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा या वह्या माळ्यावर चढवल्या होत्या, आणि भिजल्याच तर निदान चित्रं राहावीत म्हणून भाच्यानं पानन् पान मोबाइलमध्ये टिपलं होतं. पुरातून वाचल्या म्हणून त्या माळ्यावरच राहिल्या. आग लागली तीही माळ्यावरच.

ते फोटो तुम्ही अण्णांच्या शेजारी बसून बघितलेत. एकेक. नाण्यांचा डबा पॉलिसीत बसत नाही, ती लिहिता येणार नाहीत, हेही तोंडावर सांगितलंत. वाईट वाटलं, राग नाही आला. आधीच्या माणसानं ‘बघू’ म्हणून दोन महिने झुलवलं होतं.

तुमच्या रिपोर्टात ‘काडेपेटी लेबलांचा संग्रह, वह्या ११’ असं आहे. तो कागद अण्णांनी झेरॉक्स काढून कपाटाला आतून चिकटवलाय. रक्कम काही त्यांनी अजून नीट विचारलेली नाही.

तेव्हा आईनं चहा टाकला होता, तर तुम्ही म्हणालात, “रिपोर्ट जाईपर्यंत तुमच्या घरचा चहा नको.” आईला ते जरा लागलं होतं, नंतर कळलं. आता रिपोर्टही गेला, पैसेही आले. दार नवीन बसवलंय, उंबरा तोच आहे. चहा तेवढा राहिलाय.

तुमची,
शुक्रवार पेठेतली, अण्णांची थोरली