श्वास पूर्ण मिनिटभर मोज

कळवा, ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी मेडिकल वॉर्डातली ड्युटी सुरू होते आहे. नेरूळच्या होस्टेलवर नीट लागलास, जेवणाची सोय झाली, हे फोनवर कळलं. पण पेशंट पाहायचा कसा, हे फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की सावकाश वाच.

माणूस एकाएकी कोसळला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याचं शरीर काही तास आधीपासून खुणा देत असतं. त्यातली सगळ्यात लवकर दिसणारी आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे श्वासाची गती. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघड, ओळीनं सगळ्यांपुढे १८ नाहीतर २० लिहिलेलं सापडेल. चाळीस माणसं एकाच गतीनं श्वास घेत नाहीत. तू तसं लिहू नकोस.

मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. मनगट धरून नाडी मोज, हात तसाच धरून ठेव आणि नजर छातीवर ने. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलंस तर चूकही दुप्पट होते. शिवाय काहींचा श्वास वाढत जातो, मग मंदावतो, मधे काही सेकंद थांबतोसुद्धा. ते अर्ध्या मिनिटात निसटतं. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २१ ते २४ असेल तर बाकीचं सगळं लगेच तपासायचं आणि थोड्या वेळानं परत मोजायचं. २५ किंवा त्यावर, नाहीतर ८ किंवा त्याखाली, म्हणजे डॉक्टरांना बोलावणं. लहान मुलांचे आकडे वेगळे: दोन महिन्यांखालच्या बाळाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. तेवढे किंवा जास्त श्वास असतील तर तो जलद धरायचा, आणि मूल शांत असताना मोजायचा. रडणाऱ्या मुलाचा आकडा उपयोगाचा नाही.

गतीबरोबर कष्टही बघ. मानेचे स्नायू ताणले जातात का, नाकपुड्या फुलतात का, फासळ्यांच्या मधली जागा आत ओढली जाते का, एक वाक्य एका दमात बोलता येतं का. हे पाहायला यंत्र लागत नाही.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ आहे म्हणून श्वासाकडे पाठ फिरवू नकोस. रक्तात आम्ल साचलं की ते बाहेर टाकण्यासाठी शरीर खोल आणि जलद श्वास घेतं. फुप्फुसं स्वच्छ, ऑक्सिजन उत्तम आणि श्वास ३२, असा पेशंट बराच गंभीर असू शकतो. तिथे पहिल्यांदा एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखरेची तपासणी कर. मधुमेहातला कीटोअॅसिडोसिस, मूत्रपिंड निकामी होणं, सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं), सगळे असेच समोर येतात. ऑक्सिमीटरचा आकडा मान्य करण्याआधी त्यावरची नाडी आणि तुझ्या बोटांखालची नाडी जुळते का पाहा. जुळत नसेल तर आकडा खोटा समज. गार पडलेली बोटं, थरथर, नखांना लावलेलं गडद पॉलिश किंवा काळी मेंदी यानं तो फसतो. सीओपीडी या जुनाट फुप्फुसविकाराच्या पेशंटला डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन ठेवायला सांगतात. नातेवाईक घाबरले म्हणून मास्कवर १० लिटर ऑक्सिजन सोडलास तर कार्बन डायऑक्साइड साचून तो गुंगीत जाईल, आणि सगळे म्हणतील, बरं झालं, झोप लागली.

बीपीबद्दल. कफच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वळसा घालणारी हवी. जाड दंडावर लहान कफ बांधला तर बीपी खोटं जास्त येतं, बारीक दंडावर मोठा बांधला तर खोटं कमी. पाच मिनिटं टेकून बसू दे, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. खाली लोंबकळत ठेवला तर आकडा चढतो. चहा, तंबाखू, विडी यांना अर्धा तास झालेला असावा, लघवी करून आलेला असावा, मोजताना गप्पा नकोत. आधी मनगटाची नाडी धरून फुगव, नाडी गेली की आणखी ३० मिलिमीटर वर ने, मग सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगानं सोड. नाडी न धरता अंदाजानं फुगवलं की काही पेशंटमध्ये स्टेथोस्कोपमधला आवाज मधेच काही वेळ नाहीसा होतो, त्या खंडात आपण अडकतो आणि वरचं बीपी पार कमी लिहितो. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला असलेल्या हाताला कफ, सुई, काहीही नाही. पलंगावर तशी पाटी लाव.

आणि तरुण पेशंटचं बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. रक्त किंवा पाणी कमी झालं की तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवून धरतं आणि अगदी शेवटी सोडतं. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. नखावर पाच सेकंद दाब देऊन सोड, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. लघवी तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ३० मिली. युरोबॅग (लघवीची पिशवी) सकाळी एकदाच बघून चालत नाही. उलट बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची नाडी वाढणारच नाही, म्हणून घरच्या गोळ्यांची पिशवी मागून घेऊन बघायची.

शुद्ध पाहायची सोपी रीत: जागा आहे, हाक मारल्यावर प्रतिसाद देतो, दुखवल्यावर देतो, की देतच नाही. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज मुलीला ओळखत नाहीत, हा म्हातारपणाचा भाग समजू नकोस. नव्यानं आलेला गोंधळ हा धोक्याचाच. ग्लासगो स्केलवर डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, मिळून १५. सगळ्यात कमी ३. बेरीज एकटी लिहू नको, तिन्ही आकडे वेगवेगळे लिही. ८ किंवा खाली गेला की श्वासमार्ग स्वतः सांभाळता येणार नाही असं धरून चालायचं.

शुद्ध बदललेल्या प्रत्येक पेशंटचं एचजीटी, अगदी प्रत्येकाचं. बोट साबणानं धुऊन कोरडं कर. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागलेला असेल तर साखर खोटी जास्त दिसते. ७० च्या खाली म्हणजे साखर उतरली. गिळता येत असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत एचजीटी. बिस्किटं त्या क्षणी नकोत, त्यातल्या तुपातेलामुळे साखर उशिरा चढते, ती नंतर. बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. २५ टक्क्यांची १०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते, त्याला सुधारला म्हणून सोडायचं नाही. हा प्रसंग वॉर्डात बहुधा दोन कारणांनी येतो. एक, इन्शुलिन दिलं आणि जेवणाचा ट्रे आला नाही, किंवा पेशंट एनबीएम (तोंडानं काहीही द्यायचं नाही असा) होता. दुसरं, सिरिंज चुकली. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची आणि मिलीला १०० युनिटची, अशी दोन्ही इन्शुलिनं मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० वाल्याची, नारिंगी टोपणाची १०० वाल्याची. १०० वालं इन्शुलिन लाल सिरिंजमध्ये भरलंस तर अडीच पट डोस जातो. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा प्रत्येक वेळी वाच.

पावसाळ्यात तापाचे पेशंट ओळीनं येतील. डेंग्यूत नातेवाईक फक्त प्लेटलेट विचारतात. तू तापाचा दिवस विचार. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि नेमके तेच पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे, कारण तेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा चुळबुळ, पोट-छातीत पाणी, प्लेटलेट घसरताना पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी) चढणं, या खुणा शोध. पीसीव्ही ३८ वरून ४६ वर गेला तर तो २० टक्क्यांहून जास्त चढला, म्हणजे पाणी झिरपतं आहे. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर बघ: १००/८४ कागदावर बरं दिसतं, पण अंतर २० च्या आत आलं की तो शॉकच, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नाही. पुढे झिरपलेलं पाणी रक्तात परतू लागलं की सलाईन जास्त होऊन दम लागतो, आणि तिथेही आधी कळतं ते श्वासाच्या गतीवरूनच.

ताप, अंगदुखी आणि डोळे लाल पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबल्या की कळवळतो, असा कोणी आला तर गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यातून चालला का, पायाला जखम होती का, हे विचार. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) लागण झाल्यावर बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, कधी महिनाही लागतो, त्यामुळे पेशंट स्वतः पाण्याशी संबंध जोडत नाही. डोळे पिवळे, लघवी कमी, थुंकीतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर लगेच कळवायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याला (क्षय असू शकतो) आधी मास्क दे, खिडकीजवळ बसव, मग बाकीची विचारपूस.

छातीचं दुखणं आपल्या लोकांच्या तोंडी "गॅस झालाय" असं येतं. एपीएमसी मार्केटमधला माथाडी म्हणेल, गोणी उचलताना लचक भरली. बाई म्हणेल, जीव घाबरा झालाय, पाठ भरून आली. मधुमेही माणसाला कधी दुखतच नाही, नुसता घाम आणि दम. पेशंट जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही, "अॅसिडिटी" असं आपण ठरवून लिहू नकोस. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही नवं दुखणं आणि त्याबरोबर घाम असेल तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघालाच पाहिजे. जिभेखालची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी डॉक्टरांनी सांगितली तरी देण्याआधी बीपी बघ, आणि लैंगिक ताकदीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली आहे का हे पेशंटला एकट्यात विचार. नातेवाइकांसमोर तो खरं सांगणार नाही.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, अचानक तोल जातो किंवा दिसेनासं होतं, तर पहिला प्रश्न: शेवटचा नीट कधी पाहिला होता? कधी लक्षात आलं, हे नव्हे. पहाटे पाचला उठवताना कळलं आणि रात्री दहाला नीट झोपला होता, तर वेळ रात्री दहाची. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते याच वेळेवरून मोजतात. सीटी होईपर्यंत अॅस्पिरिन नाही, बीपी उतरवायची गोळी आपल्या मनानं नाही, आणि गिळणं तपासेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस. माकडहाड, टाचा, कोपर उघडून बघ. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक आहे का ते पाहा.

हे सगळं एका आकड्यात आणायची रीत ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये काढली, २०१७ मध्ये सुधारली. न्यूज स्कोअर म्हणतात. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, ताप, या सातांना गुण. ५ झाले की तातडीनं डॉक्टर, ७ झाले की आणीबाणी. तुमच्या वॉर्डात तक्ता नसला तरी तू वहीत ठेव. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे चालला आहे हे जास्त सांगतं: १८, २०, २४ ही तीन वाचनं ओळीनं दिसली तर पुढचं वाचन चार तासांनी घ्यायचं नसतं.

आणि रात्री दोनला फोन करायला बिचकू नकोस. "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यानं कोणी उठत नाही. असं सांग: "मेल मेडिकलमधून ओंकार बोलतोय. बेड १४, वय ५२, डेंग्यू, पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरला. आता श्वास २६, नाडी ११८, बीपी १००/८४, हातपाय गार, चार तासांत लघवी ६० मिली. मला शॉक वाटतोय. तुम्ही आता येऊन बघावं. तोवर काय सुरू करू?" सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखव. कोणी आलं नाही तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन, मग इन्चार्ज सिस्टरना, मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. प्रत्येक फोनची वेळ, कोणाशी बोललास आणि काय सांगितलं, हे त्याच वेळी केस पेपरवर लिहून सही कर.

तुझी,
आई