कवच किती टक्के?

नाशिक रोड

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, शत्रूला धाक बसावा म्हणून सरकारने क्षेपणास्त्र कवचाबद्दल थोडं वाढवून सांगितलं, तर बिघडलं कुठे?" फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. आता या कवचाच्या, म्हणजे शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेच्या, चाचण्यांचे आकडे तुझ्याच हातांतून जाणार आहेत, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

मुळात फसतं कोण, ते बघ. शत्रूने किती डागली हे त्याला माहीतच असतं, आणि त्यातली किती पोचली हे उपग्रहांच्या चित्रांवरून त्याला बरंचसं कळतं. फुगवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो तो आपला माणूस: कर भरणारा, सीमेलगतच्या गावात राहणारा, तोफेशेजारी उभा असलेला जवान. आणि ज्याच्या एका होकारावर युद्ध पेटतं तो मंत्रीसुद्धा. आपल्याला काही होणारच नाही असं ज्याला वाटतं, तो पुढचं पाऊल टाकताना कचरत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

१९९१ चं आखाती युद्ध घे. १५ फेब्रुवारीला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात गेले आणि म्हणाले, इराकच्या ४२ स्कड क्षेपणास्त्रांवर पॅट्रियट सोडली, त्यातली ४१ पाडली. दहाच दिवसांनी, २५ तारखेला, सौदी अरेबियात धाहरानच्या बराकीवर एक स्कड येऊन पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. तिथल्या पॅट्रियटने ते अडवायला क्षेपणास्त्र सोडलंच नव्हतं. का, ते तुला लगेच कळेल. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं, आणि एक दशांश हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत, बायनरीत, कधीच पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांच्या पुढचं शेपूट तुटायचं. यंत्रणा सलग १०० तास चालू होती, तेवढ्यात चूक साचत साचत ०.३४ सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. रडार आकाशात भलत्याच ठिकाणी शोधत राहिलं.

याहून वाईट पुढे आहे. हा दोष इस्रायलच्या लोकांनी दोन आठवडे आधीच दाखवून दिला होता. तुकड्यांना संदेशही गेला, की यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका. पण फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलंच नव्हतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते २६ तारखेला. बुश यांच्या भाषणामुळे ते २८ जण गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण देशाचा अध्यक्ष ४२ पैकी ४१ म्हणत असताना, मशीन बंद करून पुन्हा चालू करा म्हणजे साचलेली चूक पुसली जाईल, असा आग्रह धरायला कोण धजावेल? पुढे १९९२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे तिथल्या कॅगने, कागद तपासले. वॉरहेड, म्हणजे स्कडचा स्फोटकांचा भाग, खरोखर नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा त्यांना सुमारे ९ टक्के प्रसंगांतच सापडला.

आता जरा वही घे. एक इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडायला सोडलेलं क्षेपणास्त्र, ८० टक्के वेळा लागतो असं धर. एका लक्ष्यावर दोन सोडले, तर लक्ष्य पडण्याची शक्यता ९६ टक्के. ऐकायला किती छान! पण समोरून २० क्षेपणास्त्रं आली तर ती सगळीच्या सगळी अडण्याची शक्यता उरते फक्त ४४ टक्के. आणि हे गणित दोन्ही इंटरसेप्टर वेगवेगळ्या कारणांनी चुकतील असं गृहीत धरतं. दोघांत एकच दोष असेल, तर ९६ सुद्धा खरे नाहीत. 'अभेद्य' म्हणणाऱ्या पुढाऱ्याला हे कुणीतरी समजावून सांगितलेलंच असतं.

आपल्याकडचं सांगायचं तर काश्मीरमधलं बडगाम. २७ फेब्रुवारी २०१९ ला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर तिथे कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सगळं शहर त्यांना निरोप द्यायला रस्त्यावर आलं होतं, तेव्हा हेलिकॉप्टर कशाने पडलं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मध्ये लोकसभेची निवडणूक झाली, निकाल लागला, नवं मंत्रिमंडळ बसलं. ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी सांगितलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही आपली मोठी चूक होती. त्या वाक्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण सात महिने, सई! हे पहिल्याच आठवड्यात कळायचा हक्क ज्यांना होता, ती माणसं याच शहरात राहतात.

लगेच खरं सांगताही येतं. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. दोन दिवसांत सरकारने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. शत्रूची विमानं पाडणाऱ्या आपल्या आकाश क्षेपणास्त्राचंही तेच. २०१४ मध्ये हवाई दलाने डागून पाहिलेल्या २० आकाश क्षेपणास्त्रांपैकी ६ नापास झाली, हे कॅगने २०१७ मध्ये संसदेत मांडलं. म्हणून आकाश बंद पडलं का? मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात त्याच आकाशचं सगळ्यांनी कौतुक केलं.

गुप्तता वेगळी. तोफा कुठे ठेवल्या, रडारची फ्रिक्वेन्सी काय, हे तू मलाही सांगू नकोस, मी विचारणारही नाही. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे खरं सांगतात, म्हणून तर गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीकडे बघत भांडी बाजारातले लोक वेळेवर माल हलवतात. तिथे कुणी आकडा कमी करून सांगितला, तर पाणी काही कमी होत नाही.

आता मिशन सुदर्शन चक्र येतंय. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी सांगितलं, २०३५ पर्यंत रुग्णालयं, रेल्वे, श्रद्धास्थानं सगळ्यांना कवच मिळेल. रामकुंडावर असं कवच असावं असं मला का वाटणार नाही? नोव्हेंबर २००६ मध्ये आपण पहिल्यांदा क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडलं, तेव्हा बाबा ओझरहून येताना पेढे घेऊन आले होते. तो अभिमान अजून तसाच आहे. म्हणूनच विचारते: किती क्षेपणास्त्रांपासून, किती खात्रीने, किती खर्चात?

तुझ्यापुरतं एक माग. १९८४ मध्ये अमेरिकेने एका चाचणीत लक्ष्य पाडलं आणि मोठा गाजावाजा केला. दहा वर्षांनी लेखापरीक्षकांनी सांगितलं, की सेन्सरला नीट दिसावं म्हणून ते लक्ष्य आधीच तापवलेलं होतं आणि आडवं उडवलेलं होतं. तुझ्या हातून अहवाल जाईल, तेव्हा लक्ष्याचा मार्ग आणि वेळ आधी माहीत होती का, हे पहिल्या पानावर लिही. वरचे ते मागच्या पानावर ढकलतील, तर पुन्हा विचार.

बाबांचं माझ्याशी पूर्ण जमत नाही. त्यांच्या मते बडगामचं सत्य युद्धाचं सावट असताना लगेच सांगणं शक्य नव्हतं. मी म्हणते, काही दिवस समजू शकते, सात महिने नाही. तुझं काय मत आहे ते त्यांना वेगळं लिही, माझ्या पत्रात घालू नकोस. ते रोज विचारतात, सईचं काही आलं का.

तुझी,
आई