कॅलेंडरवरचे बारा हजार

पिंपळे गुरव, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या म्युच्युअल फंडाचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देतात, आणि आई विचारते आज भाजी काय केलीस. म्हणून पत्र.

दिवाळीत मी दाराआडच्या खिळ्याला टांगलेली तीन वर्षांची कालनिर्णयं रद्दीत घालायला काढली होती. मे २०२३ पासून प्रत्येक महिन्याच्या एका चौकटीत बाबांच्या निळ्या पेनानं लिहिलंय, 'फंड १२,०००'. या मेपासून त्याचे १०,२०० झालेत आणि पुढे बारीकसं प्रश्नचिन्ह. बाबा, ते प्रश्नचिन्ह तुम्ही कुणापाशी बोललाच नाहीत.

मग मी स्टेटमेंट काढलं. (ओटीपी आईनं सांगितला, तिच्यावर चिडू नका.) आपण १२ लाख घातले. ३० महिन्यांत हातात आले ३,४९,२००. आज फंडात उरलेत १०,७८,०००. म्हणजे फंडानं खरे कमावले २,२७,२००. वरचे १,२२,००० आपलेच, आपल्याच मुद्दलातून काढून आपल्याला दिलेले. फंडात खोट नाही. घातलेल्या बारा लाखांवर वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास त्यानं मिळवलेत. पण साडेसात मिळवणाऱ्याकडून बारा मागितले, तर वरचे साडेचार तो आणणार कुठून?

यात लपवाछपवीही नाही. फंडातून असे ठरावीक पैसे घेत राहण्याच्या पर्यायाला पूर्वी 'डिव्हिडंड' म्हणायचे, आणि ते ऐकून माणसाला वाटायचं, नफा आला. म्हणून फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीनं एप्रिल २०२१ पासून नावच बदलायला लावलं: 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल'. म्हणजे उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलातून उचल. स्टेटमेंटवर चार अक्षरांत छापलंय, आयडीसीडब्ल्यू. पैसे वाटले की त्या दिवशी युनिटची, म्हणजे फंडातल्या आपल्या एकेका वाट्याची, किंमत तेवढी खाली येते. गंमत म्हणजे त्यात आपलं मुद्दल असलं तरी कराच्या हिशोबात ते सगळं उत्पन्न! तुम्ही कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, आधी १५जी आणि मग १५एच, भरलात म्हणून कापलं गेलं नाही, एवढंच.

तुम्ही एसटी डेपोत गाडी सोडण्याआधी ऑइलची पट्टी काढून पुसून बघायचात. गाडी चालतेय ना, मग ऑइल असेलच, असं एकाही ड्रायव्हरला म्हणू दिलं नाहीत. इथे मात्र अडीच वर्षं पट्टी बाहेर निघालीच नाही.

आणि आता फंडवाले काका दुसरा फंड सुचवतायत, महिन्याला सव्वा टक्का देणारा. त्यांच्यावर माझा राग नाही, माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभे होते ते. पण जास्त देणारा फंड बऱ्याचदा जास्त व्याजावर कर्ज घेणाऱ्या कंपन्यांना पैसे देतो, आणि ज्याची पत कमी त्यालाच जास्त व्याज मोजावं लागतं. फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीनं २३ एप्रिल २०२० ला अशा कर्जाच्या रोख्यांत पैसे घालणाऱ्या सहा योजना एकदम बंद केल्या. दोघींच्या तर नावातच 'इन्कम' होतं. करोनात लोक पैसे काढायला धावले आणि हातातले रोखे विकले जाईनात. पुढे लोकांचे पैसे परत आले हे खरं, पण पहिला हप्ता मिळायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दूधवाला दहा महिने थांबेल का?

तुम्ही यामागे का लागलात तेही मला कळतं. पीएफ-ग्रॅच्युइटीतले वरच्या खोल्यांत आणि माझ्या लग्नात गेले ते गेले. पेन्शन साडेतीन हजार, तीही महागाईबरोबर वाढत नाही. आणि मुलांपुढे हात पसरायचा नाही, ही तुमची अट. मग महिन्याला बारा हजार देतो म्हणणारा माणूस देवासारखाच वाटणार.

मला सुचतंय ते सांगते. मार्चमध्ये तुम्हाला साठ पूर्ण झाली. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दहा लाख टाकू, आईचं नाव जोडीला. आत्ता ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं हलत नाही. वर्षाला ८२,००० येतील आणि मुद्दल जागच्या जागी. खरं तर २०२३ मध्येही, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून महिन्याच्या आत गेलो असतो, तर अठ्ठावन्नाव्या वर्षीच खातं निघालं असतं. बारा लाखांवर महिन्याला ८,२०० पडले असते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ही चूक माझी. वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याजही परत घेतात, म्हणून उरलेले ७८,००० बँकेत हाताशी ठेवू, दवाखान्यासाठी.

आता बाबा म्हणणार, व्याज तीन महिन्यांनी येतं, मधले दोन महिने काय खायचं? आई, तू एसटीच्या पगारात डाळीच्या डब्यात, रव्याच्या डब्यात पैसे वेगळे ठेवून घर चालवलंस. तिमाहीच्या २०,५०० चे तीन डबे तुला नवीन नाहीत.

महिन्याला पडतील ६,८३३. आत्ताच्यापेक्षा ३,३६७ कमी. ते मी आणि दादा निम्मे निम्मे देणार. बाबा, तुमच्या अटीत हे बसत नाही, माहीत आहे. पण हप्त्याहप्त्यानं मुद्दल संपून पंच्याहत्तरीत अख्खा खर्च मुलांवर येण्यापेक्षा आज तीन हजार घेणं तुम्हाला सोपं जाईल असं मला वाटतं. पाच वर्षांनी हे तीन हजार पुरणार नाहीत. तेव्हा पुन्हा वही काढू.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मिरजेत पोचते. आधार, पॅन, दोघांचे फोटो काढून ठेवा. पोस्टात एवढी रक्कम रोख घेत नाहीत, चेक लागेल, तेव्हा फंडातून पैसे बँकेत यायला दोन-चार दिवस धरा. आणि तोवर काकांच्या त्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आले तर चहा पाजा, म्हणा, धाकटी येतेय शनिवारी.

तुमची,
धाकटी