ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या छतांसाठी चुना, फळ्या आणि हात हवेत

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्याकडे दानाचा ओघ चौकातल्या प्याऊकडे, म्हणजे पाणपोईकडे, वळतो. अक्षय तृतीयेला माठ, निर्जला एकादशीला सरबत. ते चालू राहावंच. पण भर दुपारी रस्त्यात कुणी कोसळलं तर चार माणसं धावतात. वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत रात्री दोन वाजता एकट्या आजींची शुद्ध हरपली तर सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून मंडळाची आरोग्य समिती यंदा वर्गणी मागते आहे ती अशा खोल्यांच्या छतांसाठी. मंडळ चुना लावायला पैसे मागतंय, म्हणून हवं तर हसून घ्या, पण पुढचं वाचा.

दौलतगंज, छत्री बाजार, जीवाजीगंज भागातल्या जुन्या घरांवर दगडी पटियांची, म्हणजे लांब फरश्यांची, छतं आहेत. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत खाली खोलीत सोडत राहतो. मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं आणि 47 वर तीव्र लाट. हे मोजमाप सावलीतल्या, हवेशीर पेटीतलं असतं. तापल्या पटियांखाली झोपणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते त्या आकड्यात नसतं. दिवसाच्या उन्हाने दमलेलं हृदय रात्रीच्या गारव्यात सावरतं. आता हवामानबदलामुळे रात्रीही तापू लागल्या आहेत. असा गारवा तीन-चार रात्री मिळाला नाही की वयस्क, हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि मधुमेहाचे रुग्ण खचतात.

अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत एरवीच्या मानाने 1344 मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं कामही त्यात घेतलं. पांढऱ्या छताखाली खोली साधारण 2 ते 5 अंशांनी कमी तापते. ऐकायला थोडं वाटतं. झोप लागणं आणि न लागणं यातला फरक तेवढाच असतो.

काम सोपं आहे, पण चुकतंही सहज. दर किलो कळीच्या चुन्याला 5 लिटर पाणी. चुना लोखंडी पिंपात भिजवायचा. प्लास्टिकची बादली नको, कारण चुना विरताना पाणी उकळतं. चष्मा घातल्याशिवाय जवळ जायचं नाही, डोळ्यात शिंतोडा गेला तर दृष्टी जाऊ शकते. 24 तास मुरू द्यायचा, जाड्या फडक्यातून गाळायचा आणि दर 10 लिटरमागे 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. छत आधी खराट्याने झाडून, शेवाळ खरवडून, सांधे बुजवून ओलं करायचं. ऊन उतरल्यावर पहिला हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा.

बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो वेळेचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते. दुपारी बारा वाजता फासलेला चुना ओल धरायच्या आत सुकतो, त्याची भुकटी होते आणि पहिल्या आंधीत उडून जाते. दुसरी चूक निळीची. नीळ घातली की चुना डोळ्यांना जास्त शुभ्र दिसतो, पण निळा रंग थोडं ऊन शोषतोच. आपल्याला छत मिरवायचं नाही. मे महिन्यात प्रत्येक आंधीनंतर धूळ झाडायला हवी, नाहीतर पांढरं छत पंधरवड्यात मातकट होतं. पावसात हा चुना बराचसा धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षीचं आहे.

पत्र्याच्या छतावर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे गंज घासून, प्रायमर मारून ऊन परतवणारा ॲक्रिलिक रंगच द्यावा लागतो. तो महाग पडतो. रोख रकमेची सगळ्यात जास्त गरज आहे ती इथेच.

दुसरी मागणी वायरमन मंडळींकडे: आठवड्यातले दोन तास. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत ओल कोंडते आणि घाम वाळत नाही. पंपाची वायर उघडी आणि अर्थिंग नाही, असे कूलर घरोघरी आहेत. ते तपासून द्या. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची, हेही त्याच फेरीत सांगा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

तिसरी मागणी ओआरएसच्या पुड्यांची. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि "1 लिटरसाठी" असं छापलेलं हवं. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेयं आणू नका, त्यात साखर भरमसाट असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकणं ही नेहमीची चूक आहे. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तेव्हा लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

चौथी मागणी फोनवर बोलणाऱ्यांची. मुलं पुण्या-बंगळुरूला आणि आई-वडील इथे एकटे, अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. नौतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधीपासून पाऊस पडेपर्यंत अशा प्रत्येक घरी सकाळी आणि रात्री एक फोन करायचा. "कसे आहात" विचारू नका, उत्तर "छान" असंच येतं. सकाळपासून लघवी किती वेळा झाली, रंग गडद आहे का, रात्री झोप लागली का, हे विचारा. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. स्वतःहून बंद करू देऊ नका. बोलणं असंबद्ध वाटलं तर 108 ला फोन करा आणि शेजाऱ्यांना वर पाठवा. अंगावरचे कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतायचं, पंख्याने वारा घालायचा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे लागू पडत नाही.

पहिल्या फेरीत 40 छतं घ्यायची आहेत, होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे, एकटे आणि भाड्याने राहणारे आधी. घरमालकाची लेखी परवानगी समिती घेईल. कळीचा चुना, डिंक, कुंचले, खराटे, लोखंडी पिंपं, चष्मे, रबरी हातमोजे यांपैकी काहीही संध्याकाळी सहा ते आठ मंडळाच्या कार्यालयात आणून द्या. रोख रकमेची पावती तिथेच मिळेल आणि छतनिहाय खर्च फलकावर लागेल.

रविवारी संध्याकाळी कामाला येणाऱ्या तरुणांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. घरात दहा-बारा फुटी मजबूत फळ्या पडून असतील तर जरूर आणा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवला की तो फुटतो, त्यामुळे फळ्यांशिवाय त्या छतांवर कुणालाही चढू देणार नाही.