इंजिन जुनं आहे म्हणून नाही, तुमच्या किटमधली रबरी रिंग बारीक आहे म्हणून गाडी चालू होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डिझेल फिल्टर हेड किटमधली चुकीच्या मापाची रिंग

आज सकाळचा फोन पाचवा होता. यापुढे फोन करणार नाही, म्हणून सगळं लिहून देत आहे. हे पत्र इंजिन समजणाऱ्या माणसाच्या हातात पडावं.

गाडीला रोटरी पंप आहे, पूर्ण मेकॅनिकल. वेगळा फीड पंप नाही, हाच पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टर हेड, म्हणजे डिझेल फिल्टर ज्याला लागतो तो भाग, सक्शनच्या म्हणजे डिझेल ओढलं जातं त्या बाजूला, टाकी आणि पंप यांच्या मध्ये बसतं. तुमचं किट बसवल्यापासून गाडी अर्धा तास उभी राहिली तर लगेच चालू होते. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता फिरत राहतो आणि सायलेन्सरमधून धुराचा पुंजकासुद्धा येत नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं म्हणता आलं असतं. धूरच नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल जात नाही. नोझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडचे) युनियन नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारला, तर फेस आला. मग हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप, दाबायचा: सुरुवातीला तो पोकळ लागतो, 40 वेळा दाबल्यावर कडक होतो आणि इंजिन पहिल्याच सेल्फला उठतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुमच्या माणसांनी जे जे संशय घेतले ते सगळे आधीच तपासून झाले होते. बॅटरी उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट, सेल्फ फिरताना 10.4. सिलिंडर तापवणारे चारही हीटर प्लग चालू. पंपातलं डिझेल चालू-बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडला चावी दिल्यावर 12 व्होल्ट येतात आणि टक् असा आवाजही येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, चारही सिलिंडरना 26 ते 28 बार. हे आकडे ईमेलनं दोनदा पाठवले आहेत.

आता आजच्या फोनबद्दल. तक्रार ऐकून घेण्याआधीच सांगण्यात आलं, "स्कॅनर लावून एरर कोड पाठवा." या इंजिनाला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही, स्कॅनर लावायला सॉकेट नाही, कोड कुठून येणार, असं विचारलं. उत्तर आलं, "कोड नसेल तर तक्रार नोंदवता येणार नाही." पुन्हा समजावलं. तेवढ्यात दुसऱ्या साहेबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "जुनं इंजिन आहे, कॉम्प्रेशन गेलं असणार. एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा आणि हीटर देऊन सेल्फ मारा." हे तुमच्या कंपनीच्या तांत्रिक विभागाचं उत्तर आहे! तापलेल्या हीटर प्लगवर त्या स्प्रेमधलं ईथर गेलं तर पिस्टन वर पोचायच्या आधीच ते पेटतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात, इनटेकमधून उलटा भडका येऊन माणूस भाजतो. हा सल्ला तुमच्याकडून आणखी किती जणांना दिला गेला आहे, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. आणि ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलंय ते नुसता प्रायमर दाबल्यावर पहिल्या सेल्फला कसं उठतं, याचंही.

दोष कुठे आहे ते मीच सांगतो. टाकीची लाईन फिल्टर हेडला वगळून, मध्ये छोटा इनलाइन फिल्टर टाकून, पारदर्शक नळीनं सरळ पंपाला जोडली आणि गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू. तुमचं हेड परत बसवलं, तर हेड आणि पंप यांच्यामधल्या नळीत बुडबुडे धावताना दिसले. म्हणून हेड उघडून व्हर्नियर लावला. रिंगची खाच 2.8 मिलिमीटर खोल आहे आणि तुम्ही दिलेली रिंग 2.62 मिलिमीटर जाड. रिंग खाचेच्या काठाच्या खालीच राहते, वरचा भाग कितीही आवळला तरी ती दबतच नाही. मूळ रिंग 3.53 ची होती, ती साधारण 20 टक्के दबते आणि हवा रोखते.

बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, म्हणून तुमची माणसं "लीकेज नाही" म्हणतात. सक्शनच्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वरचं तोंड बोटानं दाबून धरलेल्या नळीतलं पाणी पडत नाही, बोट जरा सैल केलं की खाली येतं. टाकी खाली आहे, त्यामुळे रात्रभरात लाईनमधलं डिझेल तसंच उतरतं.

दुसरी चूकही त्याच किटमध्ये आहे. हेडला नळ्या जोडणारे दोन पोकळ बोल्ट (बॅन्जो बोल्ट), प्रत्येकाला दोन, म्हणजे चार कॉपर वॉशर लागतात. तुम्ही दोनच देता. उरलेल्या दोन जागी लोक जुने, दबून कडक झालेले वॉशर घालतात आणि तिथूनही हवा धरते. हवा काढायचा क्रमही माहितीपत्रकात दिलेला नाही: आधी फिल्टर हेडचा ब्लीड स्क्रू, तिथे बुडबुडे थांबले की पंपाची बाजू, शेवटी नोझलचे नट. सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, हेही नाही. हवा धरलेल्या इंजिनावर लोक सेल्फ मारत बसतात आणि स्टार्टर मोटर जळते. दोष तुमच्या रिंगचा, आणि खर्च बॅटरीवर, स्टार्टरवर, नोझलवर होतो.

तुमचे फिल्टर मी वर्षानुवर्षं डोळे झाकून घेत आलो. जुन्या इंजिनांना सुटे भाग देणाऱ्या मोजक्या कंपन्यांत तुम्ही आहात, म्हणूनच हे जास्त लागलं. "इंजिन जुनं आहे" हे उत्तर तुम्ही देऊच शकत नाही, तुमचा मालच जुन्या इंजिनांसाठी आहे.

15 दिवसांत योग्य मापाची रिंग आणि चार वॉशर पाठवा, या खेपेची सगळी किटं विक्रीतून काढा, ज्यांनी ती घेतली त्यांना कळवा, आणि स्प्रे मारायचा सल्ला चुकीचा होता हे लेखी द्या. नाही तर पुढचं पत्र वकिलाकडून येईल. बारीक रिंग, मापांचे फोटो आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

आपला,
एक ग्राहक