'नाटक' म्हणजे खोटेपणा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कांगावा, दिखावा, वेळकाढूपणा अशा कोणत्याही गोष्टीसाठी आपल्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'नाटक' आणि 'तमाशा' हे दोन शब्द सर्रास वापरले जातात. राजीनाम्याचे नाटक होते, उपोषणाचे नाटक होते, सभागृहात तमाशा होतो. जेवताना कुरकुर करणाऱ्या मुलाला घरोघरी 'नाटकं करू नकोस' असे म्हटले जाते आणि बोलण्यातली ही सवय कोणी मोडावी, असा माझा आग्रह नाही. मात्र विचार करून छापल्या जाणाऱ्या मजकुराने एका कलेचे नाव दूषण म्हणून वापरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भरतमुनींनी नाट्याला 'लोकवृत्तानुकरण', म्हणजे लोकांच्या वागण्याचे अनुकरण म्हटले आणि धनंजयाने 'दशरूपक' या संस्कृत नाट्यग्रंथात 'अवस्थानुकृतिर्नाट्यम्', म्हणजे अवस्थांचे अनुकरण ते नाट्य, अशी व्याख्या केली. दोघांनीही अनुकरण हा शब्द योजला आहे, पण ते अनुकरण फसवणुकीचे नाही. नटावर पात्राच्या रूपाचा आरोप केला जातो म्हणून ते रूपक, आणि हा आरोप नट व प्रेक्षक दोघांच्या संमतीने होतो. ढोंग करणाऱ्याला समोरच्याला अंधारात ठेवावे लागते. नाटकात अंधार फक्त प्रेक्षागृहात असतो, आणि त्यात बसलेल्या प्रत्येकाला समोरचा राजा खरा राजा नाही हे ठाऊक असते. 'तमाशा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, तोही पाहण्याजोगी गोष्ट या अर्थाने. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी रीतसर बांधणी असलेल्या खेळाचे नाव सभागृहातल्या गोंधळाला देणे हा त्या कलावंतांवर अन्याय आहे.

काही वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर मी रात्रभर बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याचा आदिवासी उत्सव, पाहिला. तेथे देवदैत्यांच्या मुखवट्यांना 'सोंगे' म्हणतात. एका मध्यमवयीन शेतकऱ्याच्या डोक्याला आधी फडके गुंडाळले गेले, मग त्यावर जड मुखवटा बसवून तो दोरीने आवळण्यात आला. बारीक छिद्रांतून त्याला जेमतेम समोरचे दिसत होते, म्हणून एक जण मागून त्याच्या कमरेचा शेला धरून चालत होता. संबळाचा ठेका सुरू झाला आणि तो नाचत पुढे आला, तेव्हा ओट्यावर बसलेली एक म्हातारी उठून त्याच्या पाया पडली. अर्ध्या तासापूर्वी तीच त्याला नावाने हाक मारून काडेपेटी मागत होती. मुखवट्याआड कोण आहे, हे तिला पुरते ठाऊक होते. तिची फसवणूक कोणीच केली नव्हती. 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण मला त्या पहाटे पहिल्यांदा कळली, कारण उजाडत आले होते आणि कितीतरी सोंगे अजून नाचायची राहिली होती.

नाटक म्हटले की आपल्यापुढे पडदा आणि दोन अंक येतात, त्यामुळे बोहाड्याला आपण नाटक म्हणत नाही. पण नाट्यशास्त्राच्या हिशेबात 'नाटक' हा दहा रूपकांपैकी केवळ एक प्रकार आहे. प्रख्यात कथा असेल तर नाटक, कवीने रचलेली असेल तर प्रकरण, हसवणारे असेल ते प्रहसन. त्यातला 'भाण' मला विशेष आवडतो, कारण त्यात एकच नट रंगमंचावर नसलेल्या माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरेही स्वतःच ऐकवतो आणि अंक तोलून धरतो. आजचे एकपात्री प्रयोग पाहताना त्याची हटकून आठवण होते.

आमच्या नाशिकला तर या शब्दाची अधिक बूज असायला हवी. वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर या दोघांनी याच शहरात राहून नाटके लिहिली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री तेथे खेळ ठरला होता देवलांच्या 'संगीत शारदा'चा. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याची रूढी देवलांनी त्या नाटकातून लोकांसमोर मांडली होती. ज्याला आपण 'नाटक' म्हणून झिडकारतो, त्यानेच समाजाचे ढोंग उघडे केले, ही गोष्ट मथळा लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावी.

म्हणून विनंती अशी, की आपल्या बातम्यांत खोटेपणासाठी ढोंग, बनाव, कांगावा, देखावा, आव यांतला जो नेमका असेल तो शब्द वापरावा. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारचा खोटेपणा दाखवतो, त्यामुळे बातमीही अधिक अचूक होईल. मथळ्यात जागा कमी असते, ही अडचण मी जाणतो. परंतु 'ढोंग' हा शब्द 'नाटक'पेक्षा एका अक्षराने लहानच आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, नाशिक